चुंबळ, कट्टा आणि मानेचे सात मणके

दिवाळी आटोपली की भंडारा जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे धानाचे कट्टे दिसू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कट्टे, खरेदी केंद्रासमोर ताडपत्रीखाली कट्टे, तुमसर-मोहाडीकडच्या राईस मिलच्या आवारात छपरापर्यंत गेलेल्या थप्प्या. एका कट्ट्यात चाळीस किलो. हमाल कमरेत वाकतो, दोघं जण कट्टा उचलून त्याच्या मानेच्या मुळाशी, खांद्यांच्या मधोमध ठेवतात. तो डोकं खाली घालून वळतो, फळीवरून ट्रकमध्ये चढतो आणि अंगाला एक झटका देऊन कट्टा थप्पीवर टाकतो. दिवसभरात असे किती झाले, ते किलोत कोणी मोजत नाही. संध्याकाळी कोणी विचारलंच तर उत्तर येतं, "मानेत उसण भरली जी." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामावर हजर.

त्याच आठवड्यात, त्याच गावच्या मैदानावर, पहाटे पोरं पोलीस भरतीची तयारी करत असतात. पुरुषांच्या चाचणीतला गोळा ७.२६० किलोचा, महिलांचा ४ किलोचा. तो जबड्याखाली मानेला टेकवूनच फेकायचा असतो. संध्याकाळी हीच पोरं जिममध्ये बार उचलतात, आणि सुगी असली तर दुपारी घरचे भारेही वाहतात. मान दुखली की गोळा फेकणारा "जिममध्ये लचकली" म्हणतो, हमाल "उसण भरली" म्हणतो, आणि रोवणीला गेलेली बाई काहीच म्हणत नाही. दुखणं मात्र तिघांचं बरंचसं एकच असतं.

मानेला ओझं झेपत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. मधोमध बसलेलं, स्थिर ओझं मान बऱ्यापैकी पेलते. तिला इजा होते ती बहुतेकदा ओझं चढताना, उतरताना किंवा वाटेत सरकताना.

मानेत मणके सात. जिराफाच्या मानेतही सातच, फक्त एकेक मणका वीतभराहून लांब. सगळ्यात वरच्या मणक्याला शरीरशास्त्रात अॅटलास म्हणतात, आकाश खांद्यावर पेलणाऱ्या ग्रीक देवावरून. आपल्याकडे नाव ठेवायचं असतं तर शेषनाग म्हटलं असतं. त्यावर तोललेलं डोकं साडेचार-पाच किलोचं. मान डावी-उजवीकडे वळते त्यातली जवळपास निम्मी हालचाल पहिल्या दोन मणक्यांतच होते. खालच्या मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात: बाहेर चिवट कडं, आत गरासारखा मऊ भाग. दोन्ही बाजूंच्या फटींतून नसा निघून हातात जातात. ओझ्याचा त्रास जास्त करून पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मणक्यांच्या आसपास होतो, कारण हलणारी मान आणि जवळजवळ न हलणारी छाती यांचा सांधा तिथेच येतो.

हा सगळा डोलारा उभा ठेवतात ते स्नायू. मानेच्या मागून खांद्यापर्यंत पसरलेला मोठा स्नायू आणि खांद्याचं पातं वर ओढणारा त्याच्या आतला बारीक स्नायू, सकाळी "मान धरली" म्हणतो तेव्हा बहुधा हेच दोघं आखडलेले असतात. डोकं जितकं पुढे झुकेल तितकी त्यांना ओढ जास्त. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिती प्रतिकृतीवरून अंदाज मांडला, की डोकं ६० अंशांत झुकलं तर मानेवर साधारण २७ किलोंचा ताण येतो. मोबाइलवाल्यांना घाबरवायला हा आकडा फार वापरला गेला. मला मात्र तो वाचून जुलैतली चिखलाची बांधी आठवली. ओणवी होऊन पऱ्हे रोवणाऱ्या बाया दिवसभर, पावसात, त्याहूनही जास्त झुकलेल्या असतात. त्यांच्या डोक्यावर ओझं नसतं आणि तरी मान दुखते.

आता डोक्यावरच्या ओझ्याकडे. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव, आणि विदर्भात पाणी भरायचं ते गुंडानं, म्हणजे घागरीनं. पितळेचा गुंड रिकामाही जड. पाणी भरलं की लिटरमागे किलो वाढतो. तो डोक्यावर ठेवण्याआधी बाई जुन्या लुगड्याचा पिळा गोल वळून चुंबळ करते. या चुंबळीनं दोन कामं होतात. टाळूवरच्या एका बिंदूवर येणारा दाब कड्यासारखा पसरतो, आणि गोल बुडाचं भांडं मधोमध अडकून राहतं. ओझ्याची रेघ डोक्यातून, मणक्यांतून सरळ पायांत उतरते. म्हणून गुंडवाली बाई ताठ चालते. कोणी हाक मारली तर ती मान वळवत नाही, सगळी वळते.

या ताठ चालण्यावर १९८६ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक शोधनिबंध आला. केनियातल्या लुओ स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचं ओझं डोक्यावरून नेताना, आणि किकुयू स्त्रिया तेवढंच कपाळावरच्या पट्ट्यानं नेताना, जवळजवळ काहीच जादा शक्ती खर्च करत नाहीत, असं मोजमापात दिसलं. पन्नास किलोच्या बाईला दहा किलो जणू फुकट. त्यापुढे मात्र प्रत्येक किलोची किंमत मोजावी लागते. आणि दम न लागणं वेगळं, मान न झिजणं वेगळं. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या आणि न वाहणाऱ्यांच्या मानेचे एक्स-रे ताडून पाहिले, तेव्हा वाहणाऱ्यांच्या मणक्यांत झीज कितीतरी जास्त आढळली.

यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा लेख १९६८ चा आहे. ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, काम करणारे मेंदूशल्यविशारद लेव्ही यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डोक्यावर जड ओझं वाहताना मान मोडलेल्या माणसांविषयी लिहिलं आणि त्या दुखापतीला चक्क 'हमालाची मान' असं नाव दिलं. वर्षानुवर्षं निभावलेलं ओझं एखाद्या ठेचेनं घात करू शकतं. पाय अडखळला की डोकं पुढे जातं आणि वरचं पोतं मानेला घडीच्या चाकूसारखं दुमडायला बघतं. चालताना पोत्याचं वजन मणक्यांतून सरळ खाली उतरत होतं. ठेचेच्या क्षणी तेच तिरपं येतं.

बायकांनी हे कोणत्याही नियतकालिकाशिवाय ओळखलं होतं. धानाचा भारा डोक्यावर चढवताना दुसरीला "हात लाव वो बाई" म्हणून हाक जाते. उतरवतानाही तसंच. एकटीनं भारा चढवायचा तर तो गुडघ्यावरून, छातीवरून, मान मागे टाकून वर न्यावा लागतो, आणि तो हिसका त्या वजनाहून वाईट.

हमालाच्या बाबतीत मात्र ओझं मुळातच रेषेबाहेर असतं. पाठीवरच्या कट्ट्याला जागा द्यायची म्हणून त्याला डोकं खाली घालावं लागतं. म्हणजे मान आधीच झुकलेली आणि तिच्या बुडाशी चाळीस किलो. एकेकाळी हेच पोतं क्विंटलचं असायचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्ये प्रौढ पुरुषानं हातानं वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचं ३४ वं कलम सांगत असे, की इजा होईल इतकं जड ओझं कोणाकडूनही उचलून घेऊ नये. महाराष्ट्रानं १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी उभ्या केलेल्या चळवळीच्या रेट्यानं. माथाडी या शब्दातच माथा आहे. कायद्यानं हमालाला भविष्य निर्वाह निधी दिला, मंडळ दिलं. पण त्याच्या माथ्याखालची मान अजून कोणाच्या नोंदवहीत आलेली दिसत नाही.

जिममधल्या मुलाचं प्रकरण थोडं निराळं. त्याला बार टाकता येतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरनं ५५ किलो वजनगटात रौप्यपदक मिळवलं. १३९ किलो डोक्यावर नेताना त्याच्या उजव्या कोपरानं दगा दिला, आणि बार खाली आला. भारोत्तोलनात असं वजन अंगापासून दूर सोडून बाजूला होणं हा शिक्षणाचाच भाग असतो. फळीवर चढलेल्या हमालाला कट्टा सोडायचं शिक्षण कोणी देत नाही. मागून दुसरा येत असतो, आणि कट्टा फुटला तर बोलणी बसतात.

तरीही जिममध्ये माना दुखावतातच, आणि कारणं ठरलेली आहेत. बैठका मारताना बार मानेच्या बुडाशी असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर टेकवला जातो. तो त्याखाली, खांद्याच्या मांसल भागावर हवा. जमिनीवरून वजन उचलताना आरशात बघायला मान वर ताणली जाते. डोक्यावर वजन नेताना हनुवटी पुढे येते. बाकावर झोपून छातीचा व्यायाम करताना डोकं बाकात रेटलं जातं. मानेच्या मागे बार खेचण्याचा प्रकार तर खांदे मोकळे नसलेल्यानं करूच नये. पोटाच्या व्यायामात दोन्ही हातांनी डोकं पुढे ओढणारे महाभाग प्रत्येक जिममध्ये असतात. वजन वाढवायची घाई हे सगळ्यांचं मूळ. मांडीचा स्नायू महिन्यात तयार होईल. मानेचे बारीक स्नायू त्या वेगानं येत नाहीत.

तो उंचवटा, सातव्या मणक्याचं मागे आलेलं टोक, त्याची एक गंमतशीर गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात १९३० च्या दशकात खोल चर खणणाऱ्या मजुरांत एक दुखणं दिसू लागलं. चिकट माती फावड्यानं डोक्यावरून वर फेकायची. माती फावड्याला चिकटून राहिली की हात पुढे जायचे आणि फावडं मागे खेचायचं. 'कट' असा आवाज, दोन खांद्यांच्या मध्ये सुरी खुपसल्यासारखी कळ, आणि या टोकाचा तुकडा पडलेला. स्नायूंच्या ओढीनंच हाड तुटायचं. आज फावडी कमी झाली, आणि तेच हाड अधूनमधून वजन उचलणाऱ्या खेळाडूंत तुटलेलं सापडतं. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉयल कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजचा धोंडा साध्या दगडाच्या दीडपट तरी जड. यंत्रं येण्याआधी घमेल्यानं तो वाहिलेल्या पिढीत किती जणांची ही टोकं तुटून आपोआप जुळली असतील, कोण सांगणार! ही मोड सहसा जिवावरची नसते. विश्रांतीनं बरी होते.

बहुतेक दुखापती याहून साध्या, स्नायू किंवा अस्थिबंध ताणल्याच्या. त्यांना काय करायचं? काम तिथेच थांबवायचं. "हा एक सेट संपवतो" आणि "एवढा ट्रक भरून देतो" ही वाक्यं महाग पडतात. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, किंवा बरं वाटत असेल तर शेक. मानवत असेल तर पॅरासिटामॉल. आणि दुसऱ्या दिवसापासून दुखणार नाही इतपत मान सावकाश हलवत राहायची: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. आपल्याकडे नेमकं उलट होतं. मानेला पट्टा लागतो आणि तो महिनाभर उतरत नाही. पट्ट्याला एक मान आहे, घरातले कामाला लावत नाहीत; पण बांधून ठेवलेले स्नायू सुटतात आणि दुखणं लांबतं. डॉक्टरनं सांगितला तरच, सांगितले तितकेच दिवस.

दुसरी खोड न्हाव्याच्या खुर्चीतली. दाढीनंतर डोक्याची चंपी, आणि शेवटी हनुवटी धरून 'कटाक्'. आवाज आला की मोकळं वाटतं खरं. पण मणक्यांच्या बाजूच्या बारीक बोगद्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर जातात. झटक्यानं पिळलेल्या मानेत त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि लकव्याचा झटका येऊ शकतो. क्वचित घडतं, पण आधीच दुखावलेली मान तिथे नेऊ नये. मान दुखता दुखता अचानक कधी न जाणवलेली डोकेदुखी, चक्कर, एक पापणी खाली येणं, बोलणं अडखळणं असं काही झालं, तर तो दवाखान्यात पळायचा क्षण आहे.

कळ हातात उतरली तर नस दाबली जात असल्याचा संशय घ्यावा. कुठली नस, ते बोटं सांगतात. अंगठ्याकडे मुंग्या आल्या तर सहावी, मधल्या बोटाकडे सातवी, करंगळीकडे आठवी. अशा माणसाला कधी कधी हात डोक्यावर ठेवला की आराम पडतो, कारण नसेवरचा ताण सैल होतो. डोक्याला हात लावून बसलेला माणूस कर्जातच असेल असं नाही. "गादी सरकली" हे आपलं वाक्य तसं फसवं. चकती कौलासारखी सरकत नाही, तिचं कडं चिरून आतला गर बाहेर येतो, आणि तो बहुतेकदा हळूहळू आकसतोही. दीड-तीन महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय बरे होणारेच पुष्कळ. एमआरआयचा कागद वाचून घाबरण्याआधी एक गोष्ट माहीत असावी. जपानमध्ये मान अजिबात न दुखणाऱ्या १,२०० हून अधिक लोकांचा एमआरआय काढला. त्यातल्या ८७ टक्क्यांहून जास्त लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. कागदावरचा फुगवटा आणि अंगातलं दुखणं, दोन्ही जुळले तरच त्याला अर्थ.

थांबू नये अशी लक्षणं वेगळी आहेत. हातातली ताकद कमी होत जाणं, सदऱ्याची गुंडी लावता न येणं, तांदूळ निवडताना खडा चिमटीत न सापडणं, बांधीच्या धुऱ्यावरून चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं. हा दाब नसेवर नाही, मज्जारज्जूवर असतो. इथे मालिश, शेक, काढा यांत दिवस घालवणं म्हणजे परत न येणारं काही गमावणं. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. लोक "मेडिकलला नेलं" म्हणतात ते नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. न्यायचं तर तेव्हाच.

आणि माणूस पडला असेल तर? कट्ट्यासकट फळीवरून, ट्रॉलीवरून, उलटलेल्या बंडीखाली. आपला पहिला हात त्याला बसतं करायला जातो, दुसरा पाणी पाजायला. दोन्ही आवरायचे. एकानं डोक्याशी गुडघे टेकून, दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरून ठेवायचं, सरळ करायला ओढायचं नाही. १०८ ला फोन. हलवणं भागच असेल तर तिघा-चौघांनी एका आवाजावर, डोकं-खांदे-कंबर एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसं कुशीवर घेऊन फळीवर ठेवायचं. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची आपली तत्परता मोडलेल्या मानेला अपंग करून सोडते.

बरं झाल्यावरचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो. जिमवाल्याला सांगता येतं: कपाळावर तळहात टेकवून मान न हलवता दहा सेकंद दाब दे, मग मागून, मग बाजूंनी, हनुवटी आत ओढ, खांद्यांची पाती मागे आवळ, वजन निम्म्यावर आण आणि दर आठवड्याला थोडं वाढव. हमालाला निम्मा कट्टा कुठून आणून देणार? मजुरी नगावर, आणि सुगी दोन महिन्यांची. विडीही सुटायला हवी, कारण रक्तपुरवठा आधीच तोकडा असलेल्या चकत्यांना धूम्रपान आणखी सुकवतं. पण फळीच्या कडेला दम खायला बसलेल्या माणसाला हे सांगताना माझीच जीभ अडखळते.

हमालांच्या टोळीत एक वाट असते. दुखावलेल्याला चार आठवडे काट्यावर किंवा पोती शिवायला बसवायचं. दाभण आणि सुतळी, वजन काहीच नाही. फक्त कट्टा जमिनीवर ठेवून शिवला तर डोकं पुन्हा दिवसभर खाली, आणि मान पुन्हा तिथेच. म्हणून खाली दोन भरलेले कट्टे आडवे टाकायचे, शिवायचा कट्टा त्यांवर उभा करायचा. तोंड छातीच्या उंचीवर येतं, आणि सुतळी ओढताना मान वर राहते.